घारीपासून कोंबडीची पिल्लं कशी वाचवाल? पक्ष्याला न मारता करता येणारे उपाय

फर्दापूर (ता. सोयगाव) : अजिंठ्याच्या डोंगरकुशीतल्या या भागात मका-कपाशीसोबत परसातल्या कोंबड्याही घराला हातभार लावतात. अंडी, कोंबडा विकून आलेला पैसा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हाती असतो. म्हणूनच घारीने पिल्लू उचललं, की नुकसान थेट तिचं होतं. यावर उपाय काय? समजून घेऊया.

पिल्लं नेमकं कोण नेतं?
दिवसा अंगणातून पिल्लू गायब झालं, तर संशय घार, शिक्रा किंवा कावळ्यावर घ्यावा. रात्री खुराड्यात कोंबडी मेलेली आढळली, तर बहुधा रानमांजर किंवा भटकं कुत्रं असतं. मुंगूस मात्र दिवसा येतं. आधी चोर ओळखा, मग उपाय करा.

उन्हाळ्यात त्रास का वाढतो?
शिक्र्याची वीण साधारण उन्हाळ्यात होते. घरट्यातल्या पिल्लांना भरवायला त्याला जास्त शिकार लागते. त्यातच झाडांची पानं गळलेली, अंगण उघडं. त्यामुळे कोंबडीची पिल्लं वरून सहज दिसतात.

काय करावं?
■ पहिले ६ ते ८ आठवडे पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवा.
■ मोकळ्या जागेवर वरून जाळी ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी अडकतात.
■ अंगणात झुडपं, मांडव किंवा तुराट्यांचा आडोसा ठेवा. धोका दिसताच पिल्लं तिथे पळतात.
■ मेलेली पिल्लं, कोंबडीची आतडी उघड्यावर टाकू नका. त्या वासावर नव्हे, तर नजरेवर घार येते आणि पुन्हा पुन्हा येते.
■ चमकत्या पट्ट्या, जुन्या सीडी टांगल्या तर जागा बदलत राहा. पक्षी काही दिवसांत सरावतात.

विष ठेवलं तर?
तो गुन्हा आहे. घार, शिक्रा, घुबड हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची शिक्षा होऊ शकते. शिवाय विषारी मांस कुत्रं, मांजरही खातं.

शेतकऱ्याचा तोटा कसा?
कापशी घार आणि गव्हाणी घुबड मुख्यतः उंदीरच खातात. ते संपले, तर मक्याच्या कणसांवर उंदीर ताव मारतील. गिधाडांचं उदाहरण समोर आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे ती झपाट्याने कमी झाली. २००६ मध्ये त्याच्या पशुवापरावर बंदी आली, पण गिधाडं अजून पूर्वीसारखी दिसत नाहीत.

जखमी पक्षी सापडला तर?
हात लावू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

घार आपलं पोट भरतेच. तिला पिल्लू सहज मिळू द्यायचं की नाही, हे मात्र आपल्या जाळीवर आणि डालग्यावर ठरतं.