माळवदाचं ओझं

उन्हाळा सरत आला, की आमच्या उमरग्याच्या जुन्या गल्ल्यांतून गाढवांच्या पाठीवरून माती यायची. पांढरीची माती. मृग लागण्याआधी माळवदावर तिचा एक थर पडलाच पाहिजे, ही घरोघरची घाई. मागल्या पावसात जिथं गळलं तिथं जरा जास्त, बाकी सगळीकडं सारखी. मग पाणी शिंपडून ती चोपायची. आमच्या घरी हे काम अब्बा करायचे आणि मी टोपल्या वर द्यायचो. घराची डागडुजी म्हणजे हीच, असं मला पार बी.ए. होईपर्यंत वाटत होतं.

1993 च्या मे महिन्यात सास्तूरकडच्या एका खेड्यात, माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी मी हेच काम करायला गेलो. तिच्या घरी वर चढणारं कुणी उरलं नव्हतं. "बेटा, और दो टोकरे डाल," ती अंगणातून म्हणायची आणि मी टाकायचो. त्या पावसाळ्यात तिचं घर गळलं नाही. तसा कौतुकाचा निरोपही आला होता.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं नुकतीच झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांत माझी खाला होती. आम्ही दिवसभर माती उपसत होतो. त्या मातीत सगळ्यात वरचा थर रंगानं वेगळा ओळखू येत होता. तो मी टाकलेला होता.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. आज सांगतो, कारण आमच्या भागात माळवदाची घरं अजून उभी आहेत, त्यांत माणसं राहतात, आणि मृगाच्या आधी त्यांवर अजूनही माती पडते.

आपण थोडा हिशोब करू. चोपून बसलेली एक घनफूट माती साधारण 45 ते 50 किलो भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली धरा. तिच्यावर फूटभर माती म्हणजे साडेचार ते पाच टन. आजोबांपासून दरवर्षी बोट-दोन बोटं भर पडत गेली, की दोन फुटांचा थर सहज होतो. म्हणजे आपण नऊ-दहा टन वजनाखाली अंथरूण घालतो. एरवी हे वजन गुमान बसलेलं असतं. पण एस.टी.त डोक्यावर भरली पाटी घेऊन उभी असलेली बाई आठवा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, की रिकाम्या हाताचा माणूस सावरतो, पाटीवाली कोलमडते. जमीन हलते तेव्हा घराचं तसंच होतं. जितकं वजन वर, तितका धक्का मोठा.

दुसरा दोष भिंतीत. आमच्याकडची दगडी भिंत दोन फूट, कुठं तीन-चार फूट रुंद. पाहणाऱ्याला वाटतं, किल्लाच. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. आतल्या अंगाची एक, बाहेरच्या अंगाची एक, आणि मध्ये कपच्या व माती भरलेली. वाकळ शिवताना दोन लुगडी घेतली, मध्ये चिंध्या भरल्या आणि टाके घालायचे राहून गेले, तर काय होईल? चिंध्या एका बाजूला येतील आणि वाकळ फुगेल. भिंतीचे टाके म्हणजे आरपार दगड. आतून बाहेरपर्यंत पोचणारा एकच लांब दगड, दर दोन फूट उंचीवर आणि जास्तीत जास्त चार फूट अंतरावर घातलेला. तो नसला, की दोन्ही अंगं एकमेकांना सोडतात आणि छत खाली येतं.

ज्या घरांत माळवद लाकडी खांबांवर नीट तोललेलं होतं, तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या, पण छत खांबांवर राहिलं आणि माणसं वाचली. आमचं घर असंच वाचलं. मागची भिंत बाहेर कोसळली. अम्मी, अब्बा आणि मी खांबाजवळून अंगणात आलो.

नंतर दगडाचीच भीती बसली. लोक पत्र्याखाली झोपू लागले. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं पुनर्वसनाचा कार्यक्रम घेतला. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, आणि इतरत्र दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतलं गेलं. या कामात घरमालकानं स्वतः उभं राहून काम करून घ्यायचं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. सिमेंट, सळई, गवंड्याचं काम यांवर त्या बोलू लागल्या. दुरुस्ती हे घरच्या माणसाला समजण्यासारखं काम आहे, हे मला तिथं कळलं.

मग घरच्या माणसानं काय करावं? पहिलं, माती मोजावी. पन्हळीजवळ पहार टोचली, की थर किती ते समजतं. वीतभर माती पुरते. त्यावरची काढून टाकावी. काढताना खोलीत कुणी नसावं. आधी तुळयांची टोकं चाकूनं टोचून पाहावीत. वाळवीनं पोखरलेली असतील, तर खालून टेकू द्यावा. माती एका कोपऱ्यातून खणत जाऊ नये. सगळ्या माळवदावरून सारखी, थराथरानं उतरवावी. भिंतीच्या पायाशी ढीग घालू नये, ओल धरते. मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर थोडी माती पसरावी आणि पन्हळीकडं उतार द्यावा. गळती थांबवायला पाण्याला वाट लागते, वजन लागत नाही.

दुसरं, भिंतीला ओळंबा लावावा. पोट सुटलेलं दिसलं, तर त्यावर गिलावा चढवून झाकू नये. पावडर लावल्यानं गळू बरं होत नाही. ती भिंत टेकू देऊन उतरवावी आणि आरपार दगड घालून पुन्हा रचावी. भिंत सरळ असेल, तर गवंड्याकडून दर तीन-साडेतीन फुटांवर एकेक दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक पाडावं, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावं आणि दहा दिवस पाणी मारावं. घण मात्र घालू नये.

तिसरं, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरकी लाकडं बोल्टनं आवळावीत. सुताराचं दोन दिवसांचं काम आहे. आणि एक करूच नये. मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकू नये. शहरातून पैसे आले, की पहिला मोह त्याचाच होतो. तिथं आधी इंजिनिअरला विचारावं.

आमचा भाग भूकंपाचा नाही, असंच तेव्हा नकाशे सांगत. 2002 साली नकाशा सुधारून किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात घातला गेला. 2001 साली कच्छमध्ये आणि 2015 साली नेपाळमध्ये असंख्य दगडी घरांनी तोच धडा पुन्हा दिला.

आमच्या माळवदावरची माती आम्ही 1995 च्या उन्हाळ्यात उतरवली. दोन फुटांवर भरली. अम्मी खाली उभी राहून म्हणत होती, आता घर गळणार. पहिल्या पावसात रात्रभर ती जागी राहिली, हातात भांडं घेऊन. भांडं कोरडंच राहिलं. उतरवलेली माती आम्ही परसात पसरली होती. श्रावणात तिच्यावर दोडक्याचे वेल आले.

येत्या उन्हाळ्यात आपणही माळवदावर चढाल. जाताना टोपली रिकामी न्या आणि येताना भरून आणा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)