दाराच्या फळ्या

 

आजच्या शिडाच्या नौकेत केबिनमध्ये उतरायच्या वाटेला दार म्हणजे खाचेत एकावर एक बसवलेल्या दोन-तीन फळ्या. त्यांना किरकोळ समजू नये. १९७९ च्या फास्टनेट नौकाशर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला. काही नौकांच्या फळ्या निसटून आत पाणी भरलं. म्हणूनच त्या दोरीने बांधलेल्या हव्यात.

फळी कुजते ती बहुधा टोकांकडून. नवी सागवानी फळी जुनीच्या मापाने कापावी, पण लाकूड फुगतं म्हणून खाचेत किंचित सैल ठेवावी. दोन फळ्यांच्या जोडाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि टोकांना इपॉक्सी पाजूनच वार्निशचा हात मारावा.