पुन्हा जाऊ नकोस, बाळा!

धोंडू, दगडू, केरू, भिकू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ही नावं घरोघरी असायची. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला मुद्दाम असं नाव ठेवायचं, म्हणजे यमालाही ते नकोसं वाटावं. तिकडे आफ्रिकेत, नायजेरियातल्या योरुबा लोकांतही अशी नावं आहेत बरं का! मालोमो म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’. दुरोजाये म्हणजे ‘थांब, आयुष्याची मजा घे’. आणि कोसोको म्हणजे ‘कुदळ नाही’. तुझ्यासाठी खड्डा खणायला आता कुदळच उरली नाही, तेव्हा राहा बाबा इथंच! हा अर्थ कळला तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

अशा मुलाला तिथे ‘अबिकू’ म्हणतात. समजूत अशी, की ते मूळचं आत्म्यांच्या जगातलं. तिकडच्या सवंगड्यांना ‘लवकर परत येतो’ असं वचन देऊनच जन्माला येतं. म्हणून मरतं, आणि पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं. इग्बो लोक त्याला ‘ओग्बांजे’ म्हणतात. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) मधल्या एकवेफीची दहापैकी नऊ मुलं अशीच गेलेली असतात. या समजुतीमागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असावा, असं अभ्यासक म्हणतात. हाच आजार आपल्या गडचिरोलीत आणि नंदुरबारात आहे. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घेतलं तर धोका आधीच कळतो.

बेन ओक्री यांच्या ‘द फॅमिश्ड रोड’ या कादंबरीत असं अबिकू मूलच आपली गोष्ट सांगतं. १९९१ साली तिला बुकर पारितोषिक मिळालं. मुलाचं नाव अझारो. या येण्या-जाण्याला तो कंटाळलाय. शिवाय आईचा सोसून दमलेला चेहरा एकदा तरी हसावा, म्हणून तो राहायचं ठरवतो. सवंगडी मात्र पिच्छा सोडत नाहीत. रस्त्यात, बाजारात, दारूच्या गुत्त्यात त्याला भुतं दिसतात आणि आपल्यालाही ती शेजाऱ्यांइतकीच खरी वाटू लागतात.

पण मला धरून ठेवलं ते त्याच्या आईनं. एका खोलीत संसार. नवरा ओझी वाहणारा, मनानं मोठा पण तापट. पुढे तर मुष्टियोद्धा व्हायचं खूळ घेतो. ही किरकोळ सामान डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली विकते. उधारीवाले दारात, घरमालक भाड्यासाठी टपलेला. अशात निवडणूक येते. एक श्रीमंतांचा पक्ष, एक गरिबांचा. मतांसाठी वस्तीत दुधाची पावडर फुकट वाटली जाते, बायाबापड्या भांडी घेऊन धावतात आणि रात्री अख्खी वस्ती ओकत बसते! नंतर लोक चिडून पक्षाच्या माणसांवर धावून जातात. त्याचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरला लपतछपत पळावं लागतं. इथे एकही भूत लागत नाही.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. कादंबरी त्याच सुमाराची आहे. १९६६ मध्ये तिथे दोनदा लष्करी उठाव झाले, आणि १९६७ ते १९७० असं बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं. ओक्रींचा जन्म १९५९ चा, म्हणजे युद्धात ते अझारोएवढेच होते. हा देशही अबिकूच, पुन्हा पुन्हा जन्मणारा आणि धड न जगणारा, असं ते सुचवतात.

पुस्तक पाचेकशे पानांचं आहे. मधे गुत्त्यातले प्रसंग तेच तेच वाटतात. मी तर काही पानं सरळ उलटली. गुत्त्याची मालकीण मॅडम कोटो मात्र चुकवू नका. आधी ती पोरक्या पोरासारखं अझारोला जेवू घालते, आणि पुढे श्रीमंतांच्या पक्षाला मिळून वस्तीत सगळ्यांच्या आधी वीज आणते. तिच्यावर रागवावं की तिचं कौतुक करावं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.