केवड्यावर खेकड्याची नांगी

सभासद बंधूंनो, चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडला की आपण हिराकस टाकतो. पण चुन्यामुळे त्यातले लोह मातीतच अडकते, मुळ्या उपाशीच! म्हणून शास्त्रज्ञांनी लोहाला कवेत धरणारे रेणू घडविले. त्यांचे नाव 'चिलेट'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. त्यांपैकी ईडीटीए १९३५ साली जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी तयार केला. मात्र चुनखडीच्या मातीत सामू ७ च्या वर गेला, की त्याची नांगी लोह सोडून चुन्यातले कॅल्शियम धरते. ईडीडीएचए तेथेही लोह सोडत नाही. तेव्हा आमचे सांगणे एवढेच: आधी माती तपासा, पिशवीवरचे नाव वाचा. अशा जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए, फवारायला ईडीटीए चालेल. नाहीतर पैसाही जाईल आणि केवडाही राहील.