कोऱ्या रकान्यातील मजकूर
वाशीम जिल्ह्यातील रिसोड वा मानोऱ्याच्या रहिवाशास पीडीएफ स्वरूपातील अर्जाचे कोरे रकाने भरावयाचे असल्यास, मुद्रित प्रत भरून ती पुन्हा स्कॅन करण्याचा द्राविडी प्राणायाम नको. फायरफॉक्स या विनामूल्य ब्राउझरात २०२२ पासून पीडीएफवर थेट मजकूर टंकण्याची सोय आहे. मूळ मजकूरच बदलू पाहणाऱ्यास लिब्रेऑफिस ड्रॉ उपलब्ध आहे, परंतु पीडीएफ मुख्यत्वे अक्षराकृती व त्यांची स्थाने जतन करीत असल्यामुळे तेथे देवनागरी जोडाक्षरांची पुष्कळदा दैना उडते. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबारा उताऱ्यास मात्र हात लावू नये: एक अक्षर वाढविले तरी स्वाक्षरीनंतरचा फेरफार (हा तलाठ्याच्या नोंदवहीतला नव्हे!) पडताळणीत उघड होतो.