शिक्का कुठला मारायचा?

मी तामलवाडीचा, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या टोलनाक्यावर रात्रपाळ्या केलेल्या. "बाप सोलापूरला ॲडमिट आहे, सोड की" म्हणणारा खरं बोलतोय की थाप मारतोय, हे खिडकीतून दिसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्यावरून ठरवायचं. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला आणि अशी विनवणी कमी झाली. 'पेपर्स, प्लीज' या गेममध्ये मात्र ती माणसं मला पुन्हा भेटली.

लुकस पोपने हा गेम 2013 साली काढला. तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. जितक्यांचे कागद तपासाल तितकी कमाई. त्यातच घरभाडं, जेवण, औषधपाणी आणि थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च. एक दिवस एक नवरा येतो. कागद चोख. जाता जाता सांगतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवानाच नाही.

शिक्का कुठला मारायचा?

दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापतात. म्हणजे त्या बाईवरची दया फुकट की महाग, हे तुमच्या मनावर नाही, तर सकाळपासून किती चुका झाल्यात यावर ठरतं! खिडकीमागे बसलेल्या कोणालाही हा हिशेब पटेल. कारकुनाच्या मनात काय चाललंय, हे गेम कुठेच बोलून दाखवत नाही. त्याची घालमेल खेळणाऱ्याच्याच पोटात होते. तुळजापूरला चिंतामणीच्या दगडावर हात ठेवून आपण कौल मागतो. इथे कौल तुम्हीच द्यायचा. त्यावरून वीस शेवट फुटतात: कुणी तुरुंगात जातो, कुणी बायकापोरं घेऊन पळतो, कुणी बंडखोरांना मिळतो.

पोलंडमध्ये बनलेला 'द विचर 3' (2015) याहून लबाड आहे. त्यात आपण गेराल्ट म्हणून खेळतो, आणि त्याने लेकीसारखी वाढवलेली सिरी आहे. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचं की दारूचा पेला पुढे करायचा? मोठ्यांच्या बैठकीला तिच्यासोबत जायचं की तिला एकटीला जाऊ द्यायचं? प्रश्न किरकोळ वाटतात, पण सिरी शेवटी जगते की नाही, हे अशाच पाच प्रसंगांवर ठरतं. काळजीपोटी सोबत गेलात तर ते तुमच्या विरोधात मोजलं जातं. पोरीवर विश्वास टाकावा लागतो. बापलोकांनी हा गेम जरूर खेळावा.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (2020) देखणा आहे. भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट. पण तिची वाट एकच. आपण राजीला लढवतो, तिच्या वतीने काही ठरवत नाही. आपल्याकडच्या गोष्टीत तशी निवड मला खेळायची आहे.

'पेपर्स, प्लीज' 2022 पासून मोबाइलवरही आहे. खेळणार असाल तर शेवटांची यादी आधी वाचू नका, आणि पहिल्या खेपेला मागच्या दिवसावर परत जाऊन चूक पुसू नका.