यंत्राची साथ, डॉक्टरांची नजर

कृत्रिम बुद्धिमत्तेकडे डॉक्टर आशेने पाहतात आणि शंकेनेही. स्वीडनमध्ये ८०,०००हून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. यंत्राच्या साह्याने डॉक्टरांचे क्ष-किरण चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले; कर्करोग ओळखण्यात मात्र उणीव आली नाही. २०२५ साली पोलंडमधील अभ्यासाने सावध केले. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत हे यंत्र रुळल्यावर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. हातची विद्या गमावण्याची डॉक्टरांची भीती म्हणूनच रास्त आहे. मुनीम कितीही कुशल असो, पेढीच्या धन्याने खातेवही वाचणे सोडू नये. रुग्णाच्या आप्तांनीही नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, अहवाल आपण स्वतः पाहिलात ना?’